काचेवरचं कुंकू

तरोडा नाका, नांदेड
६ जुलै २०२५

रवी,

आशीर्वाद. तुझं पार्सल मिळालं. लातूरच्या गाडीतून उतरल्या उतरल्या मल्लिनाथ कंडक्टरने माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "अण्णाराव, लेकानं काय धाडलं बगा की. हलकं हाय, पेढे न्हाईत वाटतं." मी स्टँडवरच उघडलं. आत काडेपेटीएवढा कॅमेरा, सायकलच्या हँडलला बसवायची पकड आणि नखाएवढी दोन कार्डं. चिठ्ठी नाही. खोका उलटसुलट करून पाहिला, तर तुझ्या दुकानाच्या शिक्क्याशिवाय त्यावर काही नव्हतं.

म्हणजे शेजारच्या नागुबाईने तुला फोन केला तर. मी तिला एवढंच सांगितलं होतं की वर्कशॉप कॉर्नरला एका गाडीने कट मारला, मी पडलो, गुडघा सोलला. तिने त्याला किती मीठमसाला लावला असेल ते तिलाच ठाऊक. गाडी कोणती, नंबर काय, असं जो तो विचारतो. मी म्हणतो, पांढरी होती. या गावात पांढऱ्या गाड्या किती आहेत, तूच सांग.

पण गंमत बघ. दिवाणखान्यात तू बसवलेला कॅमेरा मी भिंतीवरून उपटून तुला परत पाठवला, त्याला दीड वर्ष होत आलं. तेव्हापासून आपण बोललो नाही. आणि आता तू बोलायला लागलास तो दुसरा कॅमेरा पाठवून. आपण दोघं एकाच मापाचे हट्टी आहोत, असं तुझी आई म्हणायची. भिंतीतली स्क्रूची भोकं अजून तशीच आहेत. एकात मुंग्यांनी संसार थाटलाय.

कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याने कॅमेरा चालू करून दिला. कार्ड भरलं की कॉम्प्युटरवर घेऊन रिकामं करा म्हणाला. माझ्याकडे कॉम्प्युटर कुठला? तेव्हा भरलेलं कार्ड मी मल्लिनाथच्या हाती पाठवत जाईन, तू रिकामं करून पाठव. फोन करत नाही. फोनवर आपलं जमत नाही, आवाज चढतो. नुसतं कार्ड पाठवणं बरं दिसत नाही म्हणून त्याच्याबरोबर हा कागद.

अण्णा


३ ऑगस्ट

रवी,

तीन नंबरचं कार्ड सोबत आहे. तू दर खेपेला रिकाम्या कार्डावर काळ्या शाईने पुढचा नंबर टाकून पाठवतोस हे चांगलं केलंस. अक्षर अजून शाळेतलंच आहे तुझं.

कॅमेऱ्याचा गुण सांगायचा तर सांगतो. लोक बाजू देतात. आयटीआयच्या चौकात सिग्नल लाल असताना मागून हॉर्न मारणारे एक महाशय परवा माझ्या शेजारी आले, हँडलवरचा लाल ठिपका पाहिला आणि एकदम देवघरात आल्यासारखे गप्प झाले. एका मोटारवाल्याने दार उघडायच्या आधी मागे वळून पाहिलं. इतकी वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, घंटी वाजवून, ओरडून, हात जोडून लोकांना शिस्त लावून पाहिली. लागली नाही. ती या काडेपेटीने लावली, याचा थोडा रागच आला मला.

नरसिंगच्या पंक्चरच्या दुकानावर यावर रोज चर्चा असते. नरसिंग म्हणतो, "अण्णा, उद्या तुमाला कुणी उडवलं तर नंबर गावतोय की. लई कामाची चीज हाय." त्याच्याकडे हवा भरायला आलेला एक कॉलेजचा मुलगा म्हणाला, पुण्यात सगळे सायकलवाले लावतात, नेटवर टाकतात. मी म्हणालो, नंबर सापडतो हे खरं. पण तो पडल्यावर सापडतो. पडायच्या आधी धरायला त्याला हात नाहीत. पोरगा हसला. नरसिंग हसला नाही, त्याने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं.

आणखी एक कळलं. मोबाइलवाल्याने परवा मला कार्ड लावून दाखवलं. त्यात आवाजसुद्धा येतो. मी सायकलवर स्वतःशी बडबडतो हे मला माहीत नव्हतं. चढावर मी तुझ्या आईला हाक मारतो, "चल गं सिंधे" म्हणतो. मोबाइलवाला भला माणूस, त्याने आवाज बारीक केला.

तेव्हा तू हे पाहत असशील, तर ते ऐकू येणारच. पाहत असशील तर.

अण्णा


३० ऑगस्ट

रवी,

सहा नंबर मिळालं, पाच पाठवतोय. तुझी कार्डं अगदी स्वच्छ होऊन येतात. धुतल्या ताटासारखी.

आता कॅमेऱ्याचा अवगुण. तू बालाजी रिक्षावाल्याला ओळखतोस, ज्याने आईला दवाखान्यात न्यायच्या दिवसांत कधी वेळ-काळ पाहिला नाही. सकाळचा चहा मी त्याच्याबरोबर घ्यायचो, स्टँडच्या बाहेरच्या टपरीवर. सायकल स्टँडला लावली की हा डोळा बरोबर बाकड्याकडे बघतो. पहिल्या दिवशी बालाजी चेष्टेत म्हणाला, "मामा आले रे, पाय खाली घ्या, शूटिंग चालू हाय." दुसऱ्या आठवड्यात तो चेष्टा करेनासा झाला. मग एक दिवस त्याने मला बाजूला घेतलं.

"मामा, म्या समोरच्या सीटवर पॅसिंजर बसवतो, ते बी ह्याच्यात आलं आसंल ना?"

"आलं असेल. पण हे पोलिसाकडे जात नाही रे, माझ्या लेकाकडे जातं."

"लेक काय करून राहिला?"

"लातूरला कॅमेरे विकतो."

"मंग झालंच की," म्हणाला, आणि चहाचा ग्लास तसाच ठेवून उठला.

तेव्हापासून मी सायकल लावली की बाकड्यावरची माणसं एकेक करून कामं आठवून उठतात. कोणी वाईट बोलत नाही. उलट फार चांगलं बोलतात, पाव्हण्याशी बोलावं तसं. मी कॅमेरा बंद करून पाहिला, त्यावर रुमाल टाकून पाहिला. रुमाल टाकला तर आणखी संशय. टपरीवाला म्हणाला, "अण्णा, झाकलेलं लई बगतंय वाटतं."

काढून ठेवावा असं मनात येतं. पण काढला तर तुला पाठवायला काही राहणार नाही.

अण्णा


२२ सप्टेंबर

रवी,

सहा नंबर सोबत.

एक विचारतो. गेल्या महिन्यात, श्रीनगरच्या वळणावर मी सायकल थांबवली आणि कॅमेऱ्यासमोर तोंड आणून तुला विचारलं की पाण्याच्या मोटारीचा जादा फ्यूज तू कुठे ठेवला होतास. जाणारे-येणारे बघत होते. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणाले असतील. फ्यूज मला सापडला होता, दिवाणाखाली होता. मला फक्त बघायचं होतं, तू ऐकतोस का.

कार्ड रिकामं होऊन आलं. उत्तर आलं नाही.

म्हणजे तू न बघताच पुसतोस. दुकान, ट्युशन एरियातल्या हॉस्टेलांचे कॅमेरे, गिऱ्हाइकांचे फोन, यात म्हाताऱ्याचं तासन् तास सायकल चालवणं कोण बघत बसेल? मीही बघितलं नसतं. हे रागाने लिहीत नाही. रात्री जेवताना मात्र वाटलं की दिवसभर आपण कोणाशी बोलत होतो मग?

आता लिहायला बसलोच आहे तर दुसरंही लिहितो. भिंतीवरचा कॅमेरा मी का उपटला, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. तू समजलास की मला तुझी काळजी नको. त्या दिवशी दुपारी मी आईची कपाटातली जांभळी साडी बाहेर काढली होती. मांडीवर घेऊन बसलो आणि रडलो. ती गेल्यानंतर पहिल्यांदा नीट रडलो. आणि फोन वाजला. तू म्हणालास, "अण्णा, रडू नका." लातूरहून.

तू मायेनेच म्हणालास, मला कळतं. पण मला लाज वाटली रे. बापाला लेकासमोर रडायची चोरी असते, म्हणून तो दार लावून रडतो, आणि तू दाराच्या आत होतास. माणसाला घरात रडायला एक कोपरा लागतो. मी स्टूल घेतलं आणि तो डोळा उपटला. त्यानंतर रडलोच नाही, तेही खरं.

नागुबाई उद्या उदगीरला लेकीकडे जातेय, दिवाळीपर्यंत तिकडेच. गल्लीत आता माझी चुगली करायलाही कोणी उरणार नाही.

अण्णा


१ ऑक्टोबर, खंडेनवमी

रवी,

आज कार्ड नाही, सात नंबरचं अजून भरायचं आहे. सणाचं म्हणून चार ओळी.

तुझी आई आज सगळ्या घरादाराच्या हत्यारांची पूजा करायची. विळी, शिलाई मशीन, माझी तिकिटाची पेटी, सायकल. मागच्या दोन वर्षांत मी काही केलं नाही. आज सकाळी वाटलं, करावं. झेंडूचा हार आणला, सायकल धुतली, ओल्या कुंकवाची वाटी केली. आई सायकलच्या दिव्याच्या काचेवर बरोबर मधोमध बोट टेकवायची. मी दिव्याला लावलं. मग त्याच्या शेजारी तुझा कॅमेरा दिसला. तोही घरातलंच हत्यार. त्यालाही लावलं, खाली हळद लावली. आईचं बोट बारीक होतं, माझा अंगठा जाडजूड कंडक्टरचा. पण शोभून दिसतंय.

पूजेचं कुंकू पुसायचं नसतं, ते आपोआप झडू द्यायचं, हे तिचंच.

उद्या दसरा. पिशवीभर आपट्याची पानं आणून ठेवलीत. स्टँडवर जाऊन बालाजीला, टपरीवाल्याला, बाकड्यावरच्या सगळ्यांना सोनं देणार आहे. सणाच्या दिवशी कोणी उठून जाणार नाही.

अण्णा


६ ऑक्टोबर

रवी,

सात नंबर पाठवतो. मल्लिनाथ सणाच्या रजेवर आहे, म्हणून पोस्टाने. अक्षर वाईट आलं आहे, पेन नवीन आहे, मनासारखं चालत नाही.

हे कार्ड बघू नकोस, सरळ पुसून टाक. त्यात काही नाही. दसऱ्याला संध्याकाळी स्टँडकडे जाताना उलट्या बाजूने एक टमटम आला आणि थोडा घासून गेला. सायकलचं हँडल वाकलं. मला काही नाही. टमटमवाला थांबला नाही. लोक म्हणाले, अण्णा, तुमच्याकडे कॅमेरा आहे, जा चौकीत. मलाही जोर आला. इतके दिवस ज्याच्यापायी माणसं तुटली त्याचा एकदाचा उपयोग होऊ दे, म्हटलं.

चौकीत पंढरी नावाचा हवालदार होता. त्याने कार्ड लावलं. पडद्यावर सगळं लाल. मधूनच पिवळं. पुन्हा लाल. आवाजाचं यंत्र त्यांच्याकडे बिघडलेलं होतं, त्यामुळे ऐकू काही आलं नाही. तो बिचारा डोळे बारीक करून बघत राहिला आणि म्हणाला, "काका, ह्याच्यात तर निस्तं कुंकू हाय. गुन्हा कुणावर दाखल करू, देवीवर?" मग माझ्याकडे बघून त्याने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. फार चांगला माणूस.

मला हसू आलं. दिव्यावर कुंकू लावलं तरी उजेड पडतो. मी समजलो, यालाही तसंच दिसत असेल.

घरी सगळं ठीक. स्वयंपाक जमेल तसा करतो. काळजी करण्यासारखं नाही, आणि तुला तरी कुठे वेळ आहे?

अण्णा


१५ ऑक्टोबर

रवी,

हे पत्र हळू वाच, डाव्या हाताने लिहिलं आहे. मागचंही डाव्याच हाताने लिहिलं होतं. पेनाचा काही दोष नव्हता.

काल मल्लिनाथ रजेवरून आला आणि तुझं पार्सल घेऊन सरळ घरी आला. माझा हात बघून दारातच थबकला. "अरारा, अण्णा, हे कधी झालं? मला कुणी बोललंच न्हाई." म्हणजे तुला त्याने सांगितलेलं नाही. नागुबाई उदगीरला. मी पत्रात हाताचा एक शब्द लिहिला नव्हता. बालाजीकडे तुझा नंबर नाही.

खोका मल्लिनाथनेच उघडला. आत गळ्यात अडकवायचा हाताचा निळा पट्टा. मोठ्या मापाचा, माझ्या मापाचा. शिवाय एका हाताने उघडता येईल असं झाकण असलेला पाण्याचा तांब्या. चिठ्ठी नाही. आणि सात नंबरचं कार्डही नाही. मी खोका झटकून पाहिला, मल्लिनाथला पिशवी रिकामी करायला लावली. आजवरची सगळी कार्डं परत आली, पुसून, स्वच्छ होऊन. एवढं एकच तू ठेवून घेतलंस.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चित्र लाल होतं. आवाज नव्हता लाल.

मी बघू नकोस म्हणालो आणि तू ऐकलंस. ऐकलंस म्हणजे सगळंच ऐकलं असशील. मी पडल्यावर आधी बराच वेळ नुसता कण्हलो, ते. मग बालाजी रिक्षा मधेच सोडून पळत आला, ते. "मामा, हलू नका, हात मोडलाय." मागे हॉर्न वाजत होते आणि तो सगळ्यांना शिव्या घालत होता. पानं रस्ताभर पांगली होती. मी त्याला म्हणालो, बाल्या, तुझ्यासाठी सोनं आणलं होतं रे. त्याने खाली वाकून एक पान उचललं, खिशात घातलं आणि म्हणाला, "घेतलं मामा. आता गप पडा." ज्या कॅमेऱ्याला भिऊन तो चहा सोडून उठला होता, तो त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर चालू होता. त्याला आठवणही नव्हती.

आणि त्यानंतरचं. त्याने विचारलं, "लेकाचा नंबर सांगा, फोन लावतो." मी म्हणालो, "नको लावू. तो बघतो माझं सगळं. बघेल तो."

रवी, श्रीनगरच्या वळणावरचं तुला ऐकू गेलं होतं की नाही, ते मी आता विचारत नाही. तुझ्या आईची शपथ, कधीच विचारणार नाही. पण भर रस्त्यात पडलेलो असताना माझ्या तोंडून ते निघालं, आणि मला वाटलं होतं की मी खोटं बोललो. रिक्षात दवाखान्यापर्यंत मला हातापेक्षा त्याचंच जास्त लागलं होतं.

पट्टा घातला आहे. बरोबर बसतो. बालाजी सकाळ-संध्याकाळ येऊन भाकरी टाकून जातो. परवा त्याने सायकलचं हँडल सरळ करून आणलं आणि स्वतःच्या गमछ्याने कॅमेऱ्याची काच पुसली. मी म्हणालो, कुंकू पुसू नये. तो म्हणाला, "मामा, मामीला म्या सांगतो काय सांगायचं ते."

प्लास्टर निघायला वेळ आहे. सायकल भिंतीला टेकून उभी आहे. तोवर तुला पाठवायला माझ्याकडे भरलेलं कार्ड नाही, हे मात्र मला झोपू देत नाही. दिवाळीला ये, असं मी म्हणत नाही. त्याला फार काय काय चिकटलेलं असतं, मग तू विचार करत बसशील आणि दिवाळी होऊन जाईल. मी तुला कामाला बोलावतो. गिऱ्हाईक समज.

मी उपटलेला भिंतीवरचा कॅमेरा तू टाकून दिला नसशील, मला माहीत आहे. तो घेऊन ये आणि परत बसव. भोकं जुनीच वापर, मुंग्यांना मी आज हाकलतो. फक्त तोंड थोडं दाराकडे कर, आईच्या फोटोचा कोपरा सोडून. तेवढा मला राहू दे.

पार्सलने मात्र पाठवू नकोस. ते काम एका हाताचं नाही. तू वर चढ, स्टूल मी धरतो. डाव्या हाताने धरता येतं.

वाट पाहतोय.

अण्णा